कोनाड्यातला वेगळा कप

मुलांवर संस्कार कसे करावेत, हा आपणा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायला लावावं, आल्यागेल्याला नमस्कार करायला शिकवावं, खोटं बोलू नये, ताटात टाकू नये, हे घरोघर चालूच असतं. पण एक धडा असा आहे की तो आपण तोंडानं कधीच शिकवत नाही आणि तरीही मुलं तो सगळ्यांत आधी पाठ करतात. कोणी घरात कुठपर्यंत यायचं, कोणाला कशातून चहा द्यायचा, कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाचं आडनाव ऐकलं की आपला आवाज जरा खाली आणायचा, हा तो धडा!

कामाला येणाऱ्या मावशींचा कप अजूनही काही घरांत वेगळा असतो. कान तुटलेला, कडेचा टवका उडालेला, मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा घातलेला. त्यावर कोणी नाव लिहीत नाही आणि तो वेगळा का, हेही कोणी सांगत नाही. पण घरातल्या चार वर्षांच्या पोराला विचारून बघा. तो कप कोणाचा, हे ते न चुकता सांगेल. त्याला कोणी शिकवलं? अहो, आपणच की! रोज सकाळी दहा वाजता, चहा गाळता गाळता!

मैत्रिणींनो, पूर्वग्रह हा शब्द पुस्तकी वाटतो. पण तो मुलाच्या मनात शिरतो तो पुस्तकातून नव्हे, स्वयंपाकघरातून. आणि तिथूनच तो बाहेरही काढता येतो. याचे दाखले आपल्या कोल्हापुरातच आहेत. पण आधी एका परदेशी घरात डोकावून येऊ.

काकवी ओतून घेणारा पाहुणा

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली आली आणि १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातलं मेकॉम हे काल्पनिक गाव, १९३० नंतरची मंदीची वर्षं. अ‍ॅटिकस फिंच नावाचा एक विधुर वकील, त्याचा मुलगा जेम आणि धाकटी लेक स्काऊट. आई लहानपणीच गेलेली. घर सांभाळते ती कॅलपर्निया ही काळी स्वयंपाकीणबाई.

गावात टॉम रॉबिन्सन या काळ्या तरुणावर एका गोऱ्या मुलीवर बळजबरी केल्याचा खोटा आळ येतो. अ‍ॅटिकस त्याचं वकीलपत्र घेतो. टॉमचा डावा हात लहानपणीच्या अपघातात निकामी झालेला आहे आणि मुलीला झालेली मारहाण डावखुऱ्या माणसाची दिसते, हे तो कोर्टात दाखवून देतो. सगळ्यांना सत्य कळतं. तरीही बारा गोरे पंच टॉमला दोषी ठरवतात. कारण गोऱ्याचा शब्द खोटा आणि काळ्याचा खरा, असं म्हणण्याची त्या गावाला सवयच नाही. पुढे तुरुंगातून पळायचा प्रयत्न करताना टॉम गोळ्या लागून मरतो.

या पुस्तकाची चर्चा निघाली की सगळे कोर्टातल्या प्रसंगांविषयी बोलतात. पण गृहिणीच्या डोळ्यांनी वाचलं तर त्यातला एक जेवणाचा प्रसंग जास्त बोलका आहे. शाळेतला एक गरीब शेतकऱ्याचा मुलगा, वॉल्टर, दुपारी फिंचांकडे जेवायला येतो. तो आपल्या ताटातल्या भाजी-मांसावर काकवीसारखा पाक ओतून घेतो. स्काऊटला ते विचित्र वाटतं आणि ती सगळ्यांदेखत तसं बोलूनही टाकते. बिचारा मुलगा मान खाली घालतो. त्याच क्षणी कॅलपर्निया स्काऊटला स्वयंपाकघरात बोलावून असं काही फैलावर घेते की बस! घरात पाऊल टाकलेला माणूस मग तो कोणीही असो, तो आपला पाहुणा, आणि त्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचा हक्क तुला कोणी दिला, हा तिच्या बोलण्याचा मतलब. पुढचं जेवण स्काऊटला आत बसून जेवावं लागतं.

बघा हं, कोर्टात न्यायाची बाजू मांडणारा बाप थोर खराच. पण मुलीला माणसाची किंमत ताटावर शिकवली ती एका काळ्या बाईनं, जिला गावातली गोरी माणसं बरोबरीनं वागवत नव्हती. संस्कार करायला कुळ आणि पदवी लागत नाही, याचा याहून चांगला दाखला कुठला?

चहापानाला जमलेल्या बायका

त्याच पुस्तकात बायकांच्या चहापानाचाही प्रसंग आहे. स्काऊटच्या आत्याबाई घरी चर्चच्या महिला मंडळाला बोलावतात. टेबलावर केक, छान कपबश्या, इस्त्रीचे कपडे. विषय कोणता? तर दूर आफ्रिकेतल्या एका जमातीच्या हालअपेष्टा! त्या लोकांच्या कळवळ्यानं बायकांचे डोळे पाणावतात. आणि त्याच दमात त्यातल्या एक बाई तक्रार करतात की, टॉमच्या खटल्यानंतर आपल्या घरची काळी स्वयंपाकीण तोंड पाडून वावरते, हे काही बरं नाही. समुद्रापलीकडच्या माणसाचं दुःख त्यांना दिसतं, पण आपल्याच ओट्याशी राबणाऱ्या बाईचं दिसत नाही.

शाळेतल्या एक बाई वर्गात हिटलरनं ज्यू लोकांचा छळ केला म्हणून संतापून बोलतात, आपल्या देशात सगळे समान आहेत असं मुलांना सांगतात. आणि याच बाई खटल्याच्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना, या काळ्या लोकांना एकदा धडा मिळायलाच हवा होता, अशा अर्थाचं बोललेल्या असतात. स्काऊटनं ते ऐकलेलं असतं. ती गोंधळून घरी येते. एकाच तोंडातून दोन गोष्टी कशा निघतात, हे त्या पोरीला उमगत नाही.

आपल्याकडे वेगळं काय घडतं? महिला मंडळात महात्मा फुल्यांवर व्याख्यान ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन वरच्या मजल्यासाठी भाडेकरू बघताना पहिला प्रश्न विचारायचा, “तुमच्यातले कोण?” मुलं दोन्ही ऐकतात. व्याख्यान विसरतात, प्रश्न लक्षात ठेवतात.

भाऊसिंगजी रोडवरचा चहा

आता आपल्या गावाकडे वळू. मेकॉम हे काल्पनिक गाव. पण कोल्हापूर खरं आहे आणि इथं घडलेली हकिकत कादंबरीला लाजवील अशी आहे.

गंगाराम कांबळे हे दलित समाजातले गृहस्थ राजवाड्याच्या पागेत मोतद्दार म्हणून नोकरीला होते. तिथल्या मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला त्यांनी हात लावला, एवढ्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराज तेव्हा दिल्लीला गेले होते. परत आल्यावर गंगाराम यांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना स्वतःच्या हातानं शिक्षा केली, असं सांगतात. पण खरी गंमत पुढेच आहे. महाराजांनी गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान थाटलं, ‘सत्यसुधारक हॉटेल’.

हॉटेल तर निघालं, पण गिऱ्हाईक कुठून येणार? दलिताच्या हातचा चहा पिणार कोण? दुकान स्वच्छ, चहा फक्कड, आणि बाकडी रिकामी! महाराजांच्या कानांवर हे गेलं. मग काय केलं त्यांनी? हुकूम काढून लोकांना चहा पाजता आला असता. त्याऐवजी फेरफटक्याला निघाले की ते आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करायचे, गंगारामांना चहा आणायला सांगायचे आणि भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत प्यायचे. बरोबर जी मानकरी मंडळी असत, त्यांनाही तोच चहा. राजानं घेतलेला चहा नाकारायची प्राज्ञा कोणाची? हळूहळू दुकान चालू लागलं.

छत्रपतींच्या गादीवरच्या माणसानं एका चहाच्या कपासाठी एवढा खटाटोप का करावा? कारण १९०२ सालच्या २६ जुलैला मागास समाजासाठी संस्थानातल्या निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या, १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या या राजाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जाहीरनाम्यानं नोकरी देता येते, शाळा काढता येते, पण माणसाच्या मनातली किळस जाहीरनाम्यानं जात नाही. ती जायला कोणीतरी प्रतिष्ठित माणसानं सगळ्यांसमोर तो कप तोंडाला लावावा लागतो.

आपल्या घरात ती प्रतिष्ठित व्यक्ती कोण? कितीही नाही म्हटलं तरी चुलीपुढची सत्ता आपलीच. आपण ज्या कपातून पितो त्याच कपातून मावशींना चहा दिला, आणि त्यांच्याबरोबर दोन मिनिटं टेकून आपणही घेतला, तर मुलांच्या दृष्टीनं तो राजाचाच हुकूम!

दुखावलेलं मन काय शिकतं?

महाराजांना ही दृष्टी आली कुठून? त्यांनाही आईची माया फार लाभली नव्हती. जन्म १८७४ सालचा. आई राधाबाईसाहेब त्यांच्या अगदी बालपणीच वारल्या. १८८४ साली दहाव्या वर्षी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, शिक्षण राजकोट आणि धारवाडला झालं आणि १८९४ साली राज्यकारभार हाती आला. पाचच वर्षांनी, १८९९ साली, पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानाच्या वेळी त्यांना कळलं की आपल्यासाठी म्हटले जाणारे मंत्र वेदोक्त नाहीत, पुराणोक्त आहेत. पुरोहिताच्या लेखी छत्रपतीही वेदमंत्रांचे अधिकारी नव्हते! तेच पुढे गाजलेलं वेदोक्त प्रकरण.

अपमान झालेला माणूस दोन वाटांनी जाऊ शकतो. एक वाट अशी, की मला वर चढवा, बाकीचे खाली राहिले तरी चालेल. दुसरी वाट अशी, की मला हे एवढं लागलं, तर ज्याला रोज लागतं त्याचं काय होत असेल? महाराज दुसऱ्या वाटेनं गेले, म्हणून ते राजर्षी.

आणि मैत्रिणींनो, ही दुसरी वाट आपण बायकांना तरी अनोळखी वाटू नये. महिन्याचे चार दिवस ‘शिवू नकोस’ म्हणून बाजूला बसवलेल्या आपल्या आज्या, आया. हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहणारी एखादी विधवा जाऊ किंवा नणंद. न शिवण्याचं दुःख आपल्या घरात, आपल्याच देहावरून गेलेलं आहे. महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ साली अपघातात गेले, तेव्हा सून इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांना पडद्याआड बसवून ठेवणं सोपं होतं. घरच्यांचा विरोध पत्करून महाराजांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. दाराबाहेरचा भेदभाव मोडणारा माणूस दारातला भेदभावही मोडायला निघतो, तो असा. मग दारातला भेदभाव सोसलेल्या आपण, दाराबाहेरचा कसा पाळायचा?

मसूर स्टेशनवरची मुलं

आतापर्यंतच्या गोष्टी ज्यांच्या हातात चहाची किटली होती त्यांच्या झाल्या. ‘मॉकिंगबर्ड’वर जाणकारांचा एक आक्षेप असाच आहे. सगळी कथा गोऱ्या मुलीच्या तोंडून येते. टॉमच्या घरच्या मुलांना काय वाटलं असेल, ते त्यात फारसं कळतच नाही. आपल्याकडे मात्र त्या बाजूच्या एका मुलानं स्वतःची हकिकत लिहून ठेवली आहे. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

कोल्हापूरहून आगगाडीनं पुण्याकडे जाताना कराडच्या पुढे मसूर स्टेशन लागतं. कधी खिडकीत बसला असाल तर पाटी वाचली असेल. १९०१ सालच्या उन्हाळ्यात, नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुलं साताऱ्याहून निघून या स्टेशनवर उतरली. वडील नोकरीच्या गावी होते, त्यांना भेटायला ही पोरं निघालेली. प्रवासासाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं अशी त्यांची हौसेनं तयारी झाली होती. वडिलांना चिठ्ठी वेळेवर पोचली नाही, त्यामुळे न्यायला कोणी आलं नव्हतं. कपड्यांवरून मुलं बड्या घरची वाटली, म्हणून स्टेशनमास्तरांनी आपुलकीनं चौकशी केली. मुलांनी खरं सांगितलं, आम्ही महार. त्यासरशी मास्तरांचा चेहरा पालटला, ते मागे सरले आणि चालते झाले.

बैलगाडीवाले कितीतरी उभे होते, पण विटाळ होईल म्हणून एकही तयार होईना. शेवटी एक कबूल झाला तो दुप्पट भाड्यावर आणि या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार! शिदोरी बरोबर होती, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही. रात्री जकातनाक्यावर थांबले, तिथंही नाही. घास घशाखाली उतरेना, तेव्हा ती चार लेकरं तशीच उपाशी-तहानलेली निजली.

शाळेतही तेच. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही रोज घरी परत न्यायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा, शिपाई नसेल तर पाणी नाही. न्हावी केस कापत नसे, म्हणून मोठी बहीणच भावंडांचे केस कापायची.

ही हकिकत मुलांना सांगून बघा. आपल्या मुलांच्या वयाचीच ती मुलं. ‘जातिभेद वाईट’ या दोन शब्दांनी जे होत नाही, ते ‘चार मुलांना रात्रभर पाणी दिलं नाही’ या एका वाक्यानं होतं. मुलांना न्याय-अन्याय फार लवकर कळतो. आपणच पुढे त्यांना तो विसरायला लावतो.

त्या प्रवासानंतर एकोणीस वर्षांनी, १९२० सालच्या २१ आणि २२ मार्चला, आपल्या जिल्ह्यातल्या माणगावला परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. शाहू महाराज जातीनं तिथं गेले आणि जमलेल्या समाजाला त्यांनी सांगितलं की, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. ज्या मुलाला कोणी घोटभर पाणी दिलं नव्हतं, त्याच्या शेजारी छत्रपती येऊन बसले!

श्यामची आई आणि श्याम

आता अगदी ओळखीच्या घरात जाऊ. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. कितीजणींच्या आयांनी तो पदराला डोळे पुसत पाहिला असेल!

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडलेली असते, तिला ती उचलवत नाही, आणि शिवाशिवीमुळे कोणी पुढे होत नाही. श्यामची आई श्यामला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात हे केवढं धाडस! पण त्याचबरोबर ती हेही सांगते की परत आल्यावर आंघोळ कर.

आज वाचताना ती आंघोळ खटकते. खटकलीच पाहिजे. त्या म्हातारीच्या जागी आपण असतो तर? मदतीला आलेलं पोर आपल्याला हात लावला म्हणून विहिरीवर जाऊन न्हायलं, हे आपल्याला गोड वाटलं असतं का? दया होती, बरोबरी नव्हती. त्या माउलीनं जेवढं उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकलं, तेवढं तिच्या काळात तिला जमलं.

पण आता पुढचं बघा. तोच श्याम मोठा झाला. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मेपासून पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहा दिवसांनी दार उघडलं. आईनं शिवून झाल्यावर आंघोळ करायला सांगितलं होतं. मुलानं आंघोळ सोडली आणि देवाच्या पायांपर्यंत सगळ्यांना नेलं. म्हणजे आईचा संस्कार मुलानं मोडला का? छे! आईनं वाट दाखवली होती, मुलगा त्या वाटेवर आणखी चार कोस पुढे गेला.

हार्पर लींच्या बाबतीतही असंच काही घडलं. ‘मॉकिंगबर्ड’च्या आधी लिहिलेली त्यांची ‘गो सेट अ वॉचमन’ ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली आणि जगभरचे वाचक हबकले. त्यात स्काऊट सव्वीस वर्षांची आहे आणि तिचा म्हातारा बाप, तोच आदर्श अ‍ॅटिकस, काळ्यांना बरोबरीचे हक्क द्यायच्या विरोधातल्या सभेला बसलेला तिला दिसतो. तिला भोवळच येते. ज्यानं न्याय शिकवला तोच असा? पण विचार करा, बापाची चूक तिला दिसली ती कोणत्या डोळ्यांनी? बापानंच दिलेल्या डोळ्यांनी ना?

तेव्हा आपण आदर्श नाही, आपल्यालाही जुन्या सवयी चिकटल्या आहेत, म्हणून हातपाय गाळून बसायचं कारण नाही. चांगल्या आईचं मूल आईच्या पुढे जातं. कधी ते आपल्यालाच टोकेल. तेव्हा “शहाणपणा शिकवू नकोस” म्हणून त्याचं तोंड बंद न करणं, हाच आपला खरा संस्कार.

घरच्या घरी काय करता येईल?

अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमानं नष्ट केली आहे आणि १९५५ सालापासून ती पाळणं हा कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याचा शिपाई काही आपल्या ओट्यापाशी कप मोजायला येत नाही. ते काम आपलंच. काही साध्या गोष्टी बघा:

कपबश्यांचा एकसारखा अर्धा डझन आणा आणि घरात येईल त्याला त्यातूनच चहा द्या. मावशी, गॅस सिलिंडर आणणारा, सुतार, पाहुणे, सगळ्यांना. टवका उडालेला कप टाकून द्या. सासूबाईंशी वाद घालत बसायची गरज नाही. ‘जुना फुटला, आता सगळे सारखेच आणलेत’ एवढं म्हटलं की पुरे. स्वच्छतेचा प्रश्न काढला, तर कप सगळ्यांचेच घासले जातात, हे हसत सांगा.

मुलांना सगळ्यांशी नात्यानं बोलायला लावा. कामवाल्या बाईंना ‘ए’ म्हणणारं मूल उद्या हाताखालच्या माणसालाही ‘ए’च म्हणेल.

शाळेतल्या नव्या मैत्रिणीचं नाव मुलीनं सांगितलं की “आडनाव काय?” हा प्रश्न जिभेवरून परत फिरवा. त्याऐवजी विचारा, “ती काय खेळते? तिला काय आवडतं?” एकमेकांच्या डब्यातला घास घेतला म्हणून रागावू नका. एखाद्या घरात वेगळं काही शिजत असेल तर मुलांना एवढंच सांगा की, त्यांच्याकडे तसं करतात, आपल्याकडे असं. कोणाच्याही ताटाला ‘शी’ म्हणायचं नाही. कॅलपर्नियाची ती तंबी लक्षात आहे ना?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करताना जरा थांबा. गल्लीतल्या कोणाकोणाला आपण वर्षानुवर्षं वगळतो? विधवा शेजारीण, समोरच्या चाळीतली, नव्यानं राहायला आलेली. त्यातल्या एकीला तरी यंदा बोलवा. वाण देताना मुलीला बरोबर ठेवा.

आजी-आजोबा काही बोलून गेले तर मुलांसमोर त्यांचा अपमान करू नका, पण गप्पही बसू नका. नंतर मुलाला जवळ घेऊन सांगा की, आजीच्या लहानपणी तसं शिकवत असत, ते चुकीचं होतं, आपण तसं करत नाही. आजीवरचं प्रेम आणि आजीच्या मताला नकार, दोन्ही एका मनात राहू शकतात. स्काऊटला हे फार उशिरा शिकावं लागलं.

आणि सगळ्यांत अवघड परीक्षा घरातल्या लग्नाची. मुलानं किंवा मुलीनं जातीबाहेरचं माणूस निवडलं की भलेभले सुधारक घामाघूम होतात. त्या दिवशी आपण काय बोलू, याचा विचार आजच, मुलं लहान असताना करून ठेवावा. कारण त्या दिवशी तोंडातून निघेल ते आपण इतकी वर्षं मनात जे साठवलं तेच असेल.

सुटीत मुलांना घेऊन एकदा दसरा चौकात जा. महाराजांचा पुतळा तर त्यांनी पाहिलेलाच असेल. भोवतालची बोर्डिंगं दाखवा. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांना शिकता यावं म्हणून १९०१ सालापासून ही वसतिगृहं निघत गेली, दलित मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. मग सांगा की, सुरुवातीला मुलं वेगवेगळी राहिली, पण १९१९ साली महाराजांनी दलितांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एका वर्गात बसवायचा हुकूम काढला. एका पावलानंतर दुसरं पाऊल, असंच ते घडलं.

तिथून नर्सरी बागेत जा. १९२२ साली महाराज गेले. त्यानंतर त्यांचं पहिलं स्मारक १९२५ साली तिथं उभं राहिलं, ते कोणा सरदारानं किंवा संस्थानिकानं नव्हे, तर गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन उभारलेलं. चहावाल्यानं राजाचं स्मारक का बांधलं, असं मुलं विचारतील. त्यांना सगळी हकिकत सांगा, हौदापासून हॉटेलापर्यंत. घाई करू नका. त्यांचे प्रश्न संपेपर्यंत तिथं बसा.